टॅलिनची मोफत बस: एका निर्णयाचा दहा वर्षांचा हिशेब

तिकीट काढून टाकलं की लोक आपोआप बसकडे वळतील आणि रस्त्यावरच्या गाड्या कमी होतील, हे गृहीतक इतकं सरळ आहे की ते तपासावंसं कुणाला वाटतच नाही. मलाही बरेच दिवस ते पटलेलं होतं. मग टॅलिनचे आकडे वाचायला मिळाले आणि लक्षात आलं की गोष्ट तिकिटापाशी संपत नाही. हे प्रकरण त्या शहराचं आहे. मोठ्या पदांवरची माणसं सार्वजनिक नोंदीतली म्हणून नावानिशी आली आहेत. सामान्य प्रवाशांचं नाव कुठेही नाही.

पार्श्वभूमी

टॅलिन ही एस्टोनियाची राजधानी. बाल्टिक समुद्राच्या काठावरचं, चार-साडेचार लाख वस्तीचं शहर. आपल्या मानाने लहानच, पण देशच मुळी तेरा लाखांचा, त्यामुळे दर तीन माणसांमागे एक टॅलिनकर. १ जानेवारी २०१३ पासून या शहराने आपल्या नोंदणीकृत रहिवाशांना बस, ट्राम आणि ट्रॉलीबस (डोक्यावरच्या विजेच्या तारांवर चालणारी बस) पूर्ण मोफत केली. कायमची योजना म्हणून असं पाऊल उचलणारी युरोपीय संघातली ही पहिली राजधानी. योजना नंतर कुठल्याच निवडणुकीने गुंडाळली नाही, शिवाय सुरुवातीपासून संशोधक तिच्या मागावर होते. म्हणूनच अभ्यासाला हे प्रकरण फार मोलाचं आहे.

सोव्हिएत काळात टॅलिनमध्ये खाजगी गाडी थोड्यांकडेच असे. कारखान्याला जायचं ते बसने, बाजारात जायचं ते ट्रामने. १९९१ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि लोकांनी पहिली हौस फेडली ती गाडीची. पुढच्या वीस वर्षांत दर हजार माणसांमागच्या गाड्या दुपटीच्या पुढे गेल्या. हे एकट्या टॅलिनचं नाही. पूर्व युरोपातल्या बहुतेक शहरांनी हीच वाट धरली. प्रागसारख्या शहराला भक्कम मेट्रोमुळे आपले प्रवासी बरेचसे टिकवता आले, टॅलिनकडे मेट्रो नव्हती. पश्चिमेचं चित्रही फार वेगळं समजू नये. युरोपीय संघात जमिनीवरून होणाऱ्या प्रवासाचे किलोमीटर मोजले तर पाचातले चार, किंबहुना थोडे जास्तच, मोटारगाडीने कापले जातात. बस, ट्राम, मेट्रो आणि रेल्वे यांनी मिळून उरलेला भाग वाटून घ्यायचा.

शहराच्या पूर्वेला लासनामाए नावाची प्रचंड वसाहत आहे. सत्तरच्या दशकापासून उभारलेल्या काँक्रीटच्या इमारतींच्या रांगा, शंभर हजारांहून जास्त वस्ती, बहुतांश रशियन बोलणारी. म्हणजे शहराचा चौथा हिस्सा एका जागी. तिला मध्यवर्ती भागाशी जोडायला चुनखडीचा खडक फोडून लाग्ना नावाचा रुंद रस्ता खोदला गेला. रस्ता जमिनीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून लोक त्याला ‘कालवा’ म्हणतात. या कालव्याच्या मधोमध जलद ट्रामसाठी मोकळी पट्टी सोडलेली होती, थांब्यांच्या जागा ठरलेल्या होत्या. ट्राम आलीच नाही. पट्टीच्या दोन्ही बाजूंनी बस धावत राहिल्या आणि त्यांच्याच शेजारून वर्षागणिक वाढत जाणाऱ्या गाड्या.

अडचण नेमकी कोणती होती

२००८ च्या आर्थिक पडझडीने एस्टोनियाला फार जोरात तडाखा दिला. २००९ मध्ये देशाचं उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी घसरलं, २०१० मध्ये बेरोजगारी १६ टक्क्यांच्या वर गेली. त्याच वर्षी पालिकेने प्रवाशांना विचारलं की सार्वजनिक वाहतुकीत सर्वांत जास्त काय खुपतं. ४९ टक्के लोकांनी तिकिटाचे दर सांगितले, २९ टक्क्यांनी गर्दी आणि २१ टक्क्यांनी अपुऱ्या फेऱ्या.

हे उत्तर नीट वाचायला हवं होतं असं मला वाटतं. प्रश्न विचारला गेला होता रोज बसने जाणाऱ्यांनाही आणि क्वचित जाणाऱ्यांनाही. ज्याचा पगार कापला गेलाय त्याला महिन्याचा पास खुपणारच. पण गाडीने जाणारा माणूस बसमध्ये का येत नाही, हा वेगळाच प्रश्न, आणि त्याचं उत्तर या पाहणीत नव्हतं. दर सर्वांत वर आले म्हणून दरच लोकांना बसपासून दूर ठेवतात, हा निष्कर्ष तिथून निघत नाही.

त्यातच आणखी एक बाब होती. मोफत योजनेआधीही सुमारे ३६ टक्के प्रवासी तिकीट न काढताच प्रवास करत, अगदी कायदेशीरपणे, कारण त्यांना माफी होती. आणखी २४ टक्क्यांना सवलत होती. म्हणजे पूर्ण पैसे मोजणारे दहातले चारच. ज्याला ‘सगळ्यांना मोफत’ म्हटलं गेलं, त्याचा प्रत्यक्ष नवा लाभ या चौघांना आणि काही प्रमाणात सवलतवाल्यांना होणार होता.

तिसरी अडचण पालिकेच्या तिजोरीची, आणि ती बाहेरच्या वाचकाला सहसा दिसत नाही. त्या काळी एस्टोनियात माणसाच्या मिळकतीतला सुमारे साडेअकरा टक्के हिस्सा तो जिथे रहिवासी म्हणून नोंदलेला असेल त्या पालिकेला मिळत असे. राहतो कुठे याला महत्त्व नाही, नोंद कुठे आहे याला आहे. टॅलिनमध्ये भाड्याने राहून, इथेच काम करून, कागदोपत्री मात्र आईवडिलांच्या गावात नोंदलेली हजारो माणसं होती. शहराचे रस्ते, बस, बालवाड्या ती वापरत होती आणि कर दुसरीकडे जात होता.

म्हणजे गरिबाचा खिसा, रस्त्यावरची गाडी आणि पालिकेचा कर असे तीन प्रश्न, आणि तिन्हींवर एकच औषध सुचवलं जात होतं. माझ्या मते या प्रकरणातली पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तिकीट तसंच ठेवून मिळणारा पैसा फेऱ्या वाढवण्यात, जुन्या बस बदलण्यात आणि बस लेन आखण्यात घालण्याचा. तिकिटांतून वाहतुकीच्या खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा निघत होता. या पर्यायाने गर्दी आणि फेऱ्यांबद्दल तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांना उत्तर मिळालं असतं. पण मंदीत, निवडणूक तोंडावर असताना, ‘बस थोडी लवकर येईल’ हे आश्वासन कुणाच्या मनात भरेल? २०१३ च्या ऑक्टोबरात पालिका निवडणूक होती. महापौर एडगर साविसार यांचा सेंटर पक्ष देशाच्या पातळीवर विरोधात होता आणि टॅलिन हा त्याचा गड. मोफत बस ही निवडणुकीची लालूच आहे असं विरोधक उघड म्हणत होते. हा आरोप बाजूला ठेवला तरी निर्णयाची वेळ त्या निवडणुकीशी जोडलेली होती हे नाकारता येत नाही.

दुसरा पर्याय होता फक्त गरजूंना सवलत वाढवण्याचा: बेरोजगार, अल्प उत्पन्नाची कुटुंबं, विद्यार्थी. यात पैसा कमी लागला असता. पण गरज सिद्ध करायला कागद मागावे लागतात, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज तोच कागदांत अडकतो. या मुद्द्यावर मला मोफत योजनेच्या बाजूने बोलावंसं वाटतं. लासनामाएतल्या बेरोजगार माणसाला खिडकीवर जाऊन ‘मी गरीब आहे’ असं सांगावं लागलं नाही, हे लहान काम नाही.

तिसरा नमुना बेल्जियममधल्या हॅसेल्ट या छोट्या शहराचा. तिथे १९९७ च्या जुलैपासून शहरबस मोफत होती आणि दशकभरात प्रवासी दहापटींहून जास्त झाले होते. टॅलिनमध्ये या आकड्याचा दाखला वारंवार दिला गेला. पण हॅसेल्टने तिकीट काढण्यासोबत बस आणि फेऱ्या कित्येक पटींनी वाढवल्या होत्या, मुळात आधी तिथे बस नावालाच होती. शून्याजवळून दहापट होणं आणि आधीच निम्म्याहून जास्त प्रवास सार्वजनिक वाहनांनी होत असताना वाढणं यांत फरक आहे. खर्च पेलेना म्हणून हॅसेल्टने मोफत योजना बंद केली ती २०१३ मध्येच, म्हणजे टॅलिनने सुरू केली त्याच वर्षी.

चौथा नमुना तर अगदी त्याच दिवसांत डोळ्यांसमोर उभा राहत होता. मे २०१२ मध्ये व्हिएन्नाने वर्षाचा पास ४४९ युरोंवरून ३६५ वर आणला. दिवसाला एक युरो, लक्षात ठेवायला सोपं. पण व्हिएन्नाने हा निर्णय एकटा सोडला नाही. त्याच वर्षी मालकांकडून प्रत्येक कामगारामागे घेतला जाणारा मेट्रो कर वाढवून आठवड्याला दोन युरो केला, आणि ऑक्टोबरात पैसे देऊन गाडी लावण्याची हद्द शहराच्या बाहेरच्या भागांपर्यंत नेली. मेट्रोचं जाळं आधीपासून वाढत होतंच. एका हाताने पास स्वस्त, दुसऱ्या हाताने रस्त्यावर गाडी लावणं महाग. काही वर्षांत व्हिएन्नात वर्षाच्या पासांची संख्या शहरातल्या नोंदणीकृत गाड्यांच्या पुढे गेली. पासाची किंमत मात्र कायम ३६५ राहिली नाही, २०२६ च्या सुरुवातीला ती साडेचारशे युरोंच्या पुढे न्यावी लागली.

पाचवा पर्याय टॅलिनमध्ये कुणी फारसा टेबलावर आणलाच नाही: गाडीवर भार टाकण्याचा. त्या वेळी एस्टोनियात गाडी बाळगण्यावर वार्षिक कर नव्हता. युरोपीय संघात असे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. गाडी घेतली की घेतली, वर्षाकाठी सरकार काही मागत नसे. अशा देशात बस मोफत करणं म्हणजे बाजूचं दार उघडणं खरं, पण समोरचा दरवाजा सताड उघडा ठेवून.

निर्णय

मार्च २०१२ मध्ये पालिकेने लोकांचा कौल घेतला. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ७५ टक्क्यांनी होकार दिला, मतदान मात्र जेमतेम पाचातल्या एका माणसाने केलं. यावर खूप वाद झाला. माझा आक्षेप मतदानाच्या टक्क्यावर नाही. कौल मागितला गेला तो ‘मोफत हवं का’ असा. ‘एवढ्याच पैशात मोफत बस हवी, की दर पाच मिनिटांनी येणारी बस हवी’ असा मागितला गेला नाही. पर्याय समोर ठेवल्याशिवाय विचारलेल्या प्रश्नाला तीन-चतुर्थांश होकार मिळण्यात नवल काय?

त्यानंतरचा निर्णय सर्वांत कळीचा होता, आणि त्याच्यावर तेव्हा सर्वांत कमी चर्चा झाली. मोफत प्रवास कुणाला? पालिकेने ठरवलं, फक्त टॅलिनमध्ये नोंद असलेल्यांना. दोन युरोंत हिरवं कार्ड घ्यायचं, त्यावर आपली ओळख नोंदवायची, आणि बसमध्ये चढताना यंत्राला टेकवायचं. पाहुण्यांना, पर्यटकांना आणि शेजारच्या गावच्या रहिवाशांना तिकीट.

तिजोरीच्या दृष्टीने हा निर्णय चतुर होता. रहिवाशांच्या तिकिटांचं जे उत्पन्न सोडावं लागणार होतं ते वर्षाला सुमारे १ कोटी २० लाख युरो. पालिकेचा अंदाज असा की हजार नवे रहिवासी नोंदले की वर्षाला साधारण १० लाख युरो कर मिळतो. म्हणजे बारा हजार माणसांनी नोंद टॅलिनला हलवली की भागलं. आणि नोंद हलवायला आता प्रत्येकाकडे रोज खिशात जाणवणारं कारण होतं.

वाहतुकीच्या दृष्टीने मात्र याच निर्णयाने योजनेचे पाय बांधले. डोळ्यांसमोर दोन माणसं आणू, दोघंही काल्पनिक, परिस्थिती खरी. एक बाई लासनामाएत राहते, कापडाच्या दुकानात काम करते, आयुष्यभर बसनेच गेली आहे. तिला कार्ड मिळालं, महिन्याचा पास वाचला. दुसरा माणूस शहराच्या ईशान्येला वीम्सीच्या द्वीपकल्पावर नव्या घरात राहायला गेला आहे. नोंद वीम्सीत, काम टॅलिनच्या मध्यवर्ती भागात, रोज गाडीने येतो. त्याच्यासाठी बसचं तिकीट आधी होतं आणि नंतरही राहिलं. टॅलिनच्या भोवतीच्या वीम्सी, राए, हार्कू या पालिका याच वर्षांत झपाट्याने वाढत होत्या, आणि सकाळी शहरात शिरणाऱ्या गाड्यांच्या रांगा तिथूनच येत होत्या. ज्याची गाडी सोडवायची तो योजनेच्या हद्दीबाहेर, आणि जिच्याकडे गाडीच नाही ती हद्दीत.

अंमलबजावणी

काम व्यवस्थित झालं, यात शंका नाही. २०१२ मध्ये शहराची बस कंपनी आणि ट्राम-ट्रॉलीबस कंपनी एकत्र करून एकच पालिका कंपनी झाली. नव्या बस लेन आखल्या गेल्या, काही मार्गांवर फेऱ्या वाढल्या. पुढे शहराच्या हद्दीतल्या लोकल रेल्वेचाही रहिवाशांच्या मोफत प्रवासात समावेश झाला. स्पेनमध्ये बनवलेल्या नव्या ट्राम आल्या आणि २०१७ मध्ये ट्रामचा मार्ग विमानतळापर्यंत पोचला. मोफत केलं म्हणून सेवा कोलमडली, असं टॅलिनमध्ये घडलं नाही. असं होईल म्हणून भीती घालणाऱ्यांना हे मान्य करावं लागेल.

परिणाम

स्टॉकहोमच्या केटीएच तंत्र विद्यापीठातले ओडेड काट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महिन्यांचे आकडे तपासले. बस-ट्राममध्ये बसवलेल्या मोजणी यंत्रांवरून त्यांना दिसलं की प्रवासी सुमारे ३ टक्क्यांनी वाढले. पण त्याच काळात बस लेन आणि जादा फेऱ्याही आल्या होत्या. त्यांचा वाटा बाजूला काढल्यावर केवळ मोफत केल्यामुळे झालेली वाढ १.२ टक्के उरली. लासनामाएत मात्र वाढ १० टक्क्यांच्या घरात होती. बेरोजगारी जास्त, उत्पन्न कमी, बसवर अवलंबून असलेली वस्ती. जिथे गरज होती तिथे औषध लागू पडलं.

वर्षभरानंतर त्याच गटाने पालिकेच्या पाहणीवरून दुसरा अभ्यास केला. आता चित्र जास्त उजळ दिसलं. सार्वजनिक वाहतुकीचा वापर १४ टक्क्यांनी वाढलेला. लोकांच्या एकूण प्रवासांतला, पायी जाणंही धरून, तिचा वाटा ५५ टक्क्यांवरून ६३ वर गेलेला. पालिकेने हे आकडे जगभर सांगितले. पण हे आठ टक्के आले कुठून? गाडीचा वाटा ३१ वरून २८ झाला, म्हणजे तीन टक्के तिथून. पायी चालण्याचा वाटा १२ वरून ७ वर आला. पाच टक्के पायी चालणाऱ्यांकडून.

म्हणजे बसमध्ये आलेले बहुतेक नवे प्रवासी आधी चालत होते. एक-दोन थांब्यांचं अंतर, पैसे लागत नाहीत, बस समोर उभी आहे, मग चढलो. याला वाया गेलेला खर्च म्हणून मोडीत काढायला मी तयार नाही. टॅलिनच्या जानेवारीत पदपथावर बर्फाचा गुळगुळीत थर असतो. सत्तरीची बाई दोन थांबे बसने गेली आणि घसरून तिचा खुबा मोडला नाही, तर तिच्या घराला विचारा ते पैसे कुठे गेले. पण गाड्या कमी करण्याच्या ध्येयासाठी हा आकडा उपयोगाचा नाही, हेही तितकंच खरं. त्याच अभ्यासात आणखी एक बोचरी गोष्ट आहे. गाडीच्या फेऱ्या कमी झाल्या तरी उरलेल्या फेऱ्या लांबल्या, आणि गाडीने कापलेलं एकूण अंतर घटण्याऐवजी वाढलं. जवळची फेरी गाडीवाल्याने सोडली, लांबची नाही.

तिजोरीचा हिशेब अपेक्षेहून चांगला जमला. योजना ठरली तेव्हा टॅलिनची नोंदणीकृत वस्ती सुमारे ४ लाख १६ हजार होती, चार-पाच वर्षांत ती ४ लाख ४० हजारांच्या आसपास गेली. हे सगळे बसच्या कार्डासाठी आले असं म्हणता येणार नाही, पण बारा हजारांचं लक्ष्य मागे पडलं. फक्त हा पैसा नव्याने निर्माण झालेला नव्हता. जितका टॅलिनला मिळाला तितका दुसऱ्या कुठल्यातरी पालिकेचा गेला. देशाच्या पातळीवर पाहिलं तर खिसा बदलला, रक्कम तीच. त्यामुळे ‘योजना स्वतःचा खर्च स्वतः भागवते’ हे वाक्य टॅलिनपुरतं खरं आहे. ज्या देशात कर असा नोंदीनुसार वाटला जात नाही, तिथल्या शहराने ते उचलून नेलं तर फसगत होईल.

२०१३ च्या निवडणुकीत सेंटर पक्षाने पालिकेत स्पष्ट बहुमत मिळवलं.

आणि मग वर्षं जात राहिली. पहिल्या वर्षीची उडी टिकली नाही. पुढच्या दशकात कामावर जाताना सार्वजनिक वाहन वापरणाऱ्या टॅलिनकरांचा वाटा हळूहळू उतरत गेला आणि गाडीचा वाढत गेला. पगार वाढले, भोवतालची गावं वाढली, महासाथीने बसमधून लोक उठवले, हे सगळं त्यात आहे. बस मोफत होती म्हणून घसरण झाली असं कुणी म्हणू नये. मोफत होती तरी ती थांबली नाही, एवढं निश्चित म्हणता येतं. २०२३ मध्ये टॅलिनला ‘युरोपची हरित राजधानी’ हा पर्यावरणासाठीचा किताब मिळालेला होता. त्याच शहराच्या ट्रॉलीबस २०२४ च्या ऑक्टोबरअखेर, जुन्या झाल्या म्हणून, थांबवाव्या लागल्या.

देशाने हाच प्रयोग मोठ्या आवाक्यात करून पाहिला. सेंटर पक्षाचे युरी रातास पंतप्रधान असताना १ जुलै २०१८ पासून ज्या जिल्ह्यांनी मान्य केलं तिथे जिल्हा बस मोफत झाली. १५ पैकी ११ जिल्हे त्यात उतरले. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ मध्ये तपासणी केली आणि गाड्यांचा वापर कमी करण्याचं उद्दिष्ट साधलं नाही असं स्पष्ट नोंदवलं. विरळ वस्तीच्या भागात दिवसातून तीनदा येणारी बस मोफत असली तरी दवाखान्याची वेळ तिच्यावर ठरवता येत नाही. त्यानंतर काही वर्षांतच कामाच्या वयाच्या प्रवाशांना जिल्हा बसमध्ये पुन्हा तिकीट लागू झालं.

पुन्हा विचार केला तर

सर्वांत आधी मी ध्येय वेगळी केली असती. खिशाला आधार देणं हे एक ध्येय, गाड्या कमी करणं हे दुसरं, आणि दोन्हींना वेगळी मापं. टॅलिनने पहिलं उत्तम साधलं. बेरोजगार, विद्यार्थी, वृद्ध यांचा प्रवास वाढला. काम शोधायला, दवाखान्यात, नातवंडांकडे जाणं सोपं झालं. त्याला त्याच नावाने हाक मारली असती तर योजनेवर ‘गाड्या कुठे कमी झाल्या’ हा आरोप आलाच नसता. आपल्याकडेही हा घोटाळा होतो. महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. त्या सवलतीचं मोल बाईला घराबाहेर पडता येतं का, यावर करायचं की एसटीच्या तुटीवर, हे आधी ठरवलं नाही तर वाद कधीच संपत नाही.

पात्रतेच्या बाबतीत मी वीम्सीच्या माणसासाठी जागा ठेवली असती. सगळ्यांना मोफत करणं परवडणार नव्हतं हे मान्य. पण भोवतालच्या पालिकांशी करार करून एकच स्वस्त प्रादेशिक पास, ज्यात शेजारची पालिका आपल्या रहिवाशांमागे वाटा उचलेल, हा मार्ग होता. अडचण एवढीच की टॅलिनला शेजाऱ्यांचे करदाते हवे होते. ज्यांच्याशी करदात्यांसाठी ओढाताण चालू आहे त्यांच्यासोबत समान पास काढायला बसणं अवघड असतं. नोंदीचं बक्षीस म्हणून मोफत बस दिली, तिथेच प्रादेशिक कराराचं दार लोटलं गेलं.

गाडी लावण्याचे पैसे आणि गाडीवरचा कर, हे योजनेसोबतच यायला हवे होते. व्हिएन्ना तेच करत होती आणि टॅलिनमधल्या अधिकाऱ्यांना ते दिसत नव्हतं असं मी मानत नाही. कौल घेताना लोकांना फक्त देणं दाखवलं, घेणं दाखवलं नाही, म्हणून नंतर घेणं राजकीयदृष्ट्या अशक्य झालं. एस्टोनियात गाडीवरचा वार्षिक कर शेवटी १ जानेवारी २०२५ ला लागू झाला, म्हणजे मोफत बसनंतर बारा वर्षांनी.

मोजणीबद्दल टॅलिनकडून शिकण्यासारखं खूप आहे. कार्ड टेकवायची सवय लावल्यामुळे आणि बस-ट्राममध्ये मोजणी यंत्रं असल्यामुळे १.२ टक्के आणि ३ टक्के वेगळे काढता आले. एवढं मोजणारी शहरं थोडी. पण पालिकेने लोकांसमोर ठेवला तो १४ टक्क्यांचा आकडा, पायी चालणाऱ्यांचा नाही. दोन्ही एकाच पाहणीत होते. पहिल्याच वर्षी तो दुसरा आकडा मोठ्याने वाचला असता तर दुसऱ्या वर्षी धोरण दुरुस्त करायला वेळ होता.

आणि दरसाल जे १ कोटी २० लाख युरो तिकिटांतून येणं थांबलं, त्यांच्याकडे एकदा वेगळ्या नजरेने पाहावं असं मला फार वाटतं. एका वर्षाच्या पैशात ट्रामचा मार्ग बांधून होत नाही. पण दहा वर्षांच्या पैशांची खात्री असेल तर त्यावर कर्ज उभारता येतं, युरोपीय निधीतला आपला वाटा भरता येतो. लासनामाएहून गर्दीच्या वेळी बसने निघालेला माणूस आणि गाडीने निघालेला माणूस एकाच कालव्यातून जातात. बसवाला थांब्याथांब्यावर थांबत जातो, म्हणून गाडीवाला आधी पोचतो. त्याला तिकिटाचे वाचलेले पैसे दाखवून उपयोग नाही, वीस मिनिटं वाचवून दाखवावी लागतील. लासनामाएच्या ट्रामचा विषय आजही टॅलिनच्या पालिकेत निघतो, नकाशे पुन्हा पुन्हा मांडले जातात. लाग्ना रस्त्याच्या मधोमध, चाळीसहून जास्त वर्षांपूर्वी रुळांसाठी सोडलेल्या पट्टीवर, अजून गवतच आहे.